या वेळी नक्की भेटू

अभिनंदन! महिन्यातले पंधरा दिवस फ्रँकफर्टला आणि उरलेले पंधरा पुण्यात बसून कॅलिफोर्नियाच्या वेळेने जगणं, हे सगळ्यांच्या नशिबात नसतं. घरचे खूश, सासरचे खूश, गृहकर्ज देणारी बँक तर सगळ्यांत खूश. प्रश्न उरतो तो मित्रांचा. त्यांचं करायचं काय? टाकूनही देता येत नाहीत. तेरा वर्षांची धावपळ, दोन भरलेले पासपोर्ट आणि एक सरकलेला मणका एवढ्या भांडवलावर मी तुम्हाला थोडं मार्गदर्शन करू शकतो.

सर्वांत आधी, दिवस मोजायची सवय लावून घ्या. मित्रांसाठी नव्हे, उगाच हळवे होऊ नका. युरोपातल्या शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या, देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि उतरलात तो दिवस, निघालात तो दिवस, दोन्ही धरले जातात. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे पासपोर्टवरच्या शिक्क्याची जागा बोटांचे ठसे आणि संगणक घेऊ लागले, त्यामुळे ‘शिक्का पुसट उठलाय हो’ ही सोयसुद्धा गेली. इकडे आर्थिक वर्षात १८२ दिवस भरले की आयकर खात्याच्या लेखी तुम्ही रहिवासी. म्हणून फेब्रुवारी उजाडला की तुमचा सीए फोन करतो, ‘साहेब, अजून चार दिवस बाहेर काढता येतील का?’ तुम्ही घरी येऊ नये असं इतक्या कळकळीने वाटणारा माणूस दुसरा मिळायचा नाही. एक्सेलमध्ये हे दोन रकाने ठेवा. तिसरा मित्रांचा ठेवू नका. मी ठेवला होता. वर्षाची बेरीज दोन आली, आणि त्यातला एक दिवस कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीतला होता.

वेळेतला फरक मात्र नीट वापरला तर वरदान आहे. कॅलिफोर्नियातल्या क्लायंटचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. घड्याळ ते फिरवतात, जेवण आपलं फिरतं. त्यातही अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि युरोप शेवटच्या. मधल्या दोन-तीन आठवड्यांत कुठली मीटिंग किती वाजता, याचा पत्ता मीटिंग बोलावणाऱ्यालाही नसतो. टाळायचे फोन या दिवसांसाठी राखून ठेवावेत. ‘अरे, डेलाइट सेव्हिंगमुळे सगळा घोळ झाला बघ,’ म्हणायचं. पहाटे सिंहगड चढून नऊला दुकान उघडणाऱ्या मित्राला त्यातलं काही कळत नाही. तो ‘असू दे रे, काम आधी’ म्हणतो आणि तुमच्या वडिलांची बीपीची गोळी पोचवायला निघतो.

हा दुकानवाला मित्र, हाच खरा आजचा विषय.

गावात असा एक तरी ठेवावाच. निवड जपून करा. हुशार असावा, पण महत्त्वाकांक्षा बेताची असावी. स्कूटर असावी. डोळ्यांच्या डॉक्टरांपासून सोसायटीच्या प्लंबरपर्यंत सगळ्यांशी अरे-तुरे असावं. पासपोर्ट नसला तर उत्तम, कारण असला की एक दिवस तोही उडतो, आणि मग दोघांच्या आयांना दवाखान्यात न्यायचं कुणी? माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन याच मित्राने उरकलं. पट्टी बांधलेल्या डोळ्याचा आणि बाजूला त्याच्या उंचावलेल्या अंगठ्याचा फोटो आला, तेव्हा मी ऑफिसच्या स्टँडअप मीटिंगमध्ये होतो. तरी लगेच लाल बदाम पाठवला. आपलं कर्तव्य आपण सोडू नये.

मोबदला म्हणाल, तर विमानतळावरचं टोब्लेरॉन. त्याला मधुमेह आहे, हे लक्षात ठेवायची गरज नाही. मुलं खातात.

सुट्टीवर आलात की वेगवेगळ्या भेटी ठेवत बसू नका. शाळेतले, कॉलेजातले, जुन्या ऑफिसातले, सगळ्यांना एकाच शनिवारी एकाच हॉटेलात बोलवा, शक्यतो तुमच्या घराजवळच्या. ते एकमेकांना ओळखत नाहीत म्हणून घाबरू नका, दोन तासांत तेही तुमच्याइतकेच कंटाळतात.

कुणाच्या घरी जेवायला येतो, असा शब्द मात्र देऊ नका. मी २०२५च्या सप्टेंबरात दिला होता. तेव्हा मी एच-वन-बीवर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर होतो. शनिवारी, २० तारखेला, रात्री याच मित्राकडे जेवण ठरलं होतं. सकाळी उठतो तो बातमी! ट्रम्प यांनी एच-वन-बीवर एक लाख डॉलरची फी लावली. ती नेमकी कुणाला, नव्यांना की आम्हालाही, हे कुणालाच सांगता येईना. सुट्टीवर आलेल्यांनी ताबडतोब परत यावं, असे निरोप कंपन्यांकडून येऊ लागले. मित्राने दुकान भावावर टाकलं, माझी बॅग धान्याच्या काट्यावर ठेवून तेवीस किलो भरल्याची खात्री केली आणि गाडी काढली. त्याच्या बायकोने रात्रीसाठी चिरलेली वांगी बाजूला सारून घाईघाईत धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी केली, सगळं स्टीलच्या डब्यात भरलं आणि म्हणाली, ‘भावोजी, वाटेत खा.’

एक्सप्रेसवेवर मी सबंध वेळ फोनमध्ये. घाटात त्याने काहीतरी विचारलं, मी ‘हं’ म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं नाही. धपाटे दोहाच्या विमानतळावर खाल्ले, फार छान झाले होते. मी वाटेत असतानाच तिकडून खुलासा आला, की ज्यांच्याकडे आधीपासून व्हिसा आहे त्यांना ही फी लागूच नाही. म्हणजे रात्रीचं जेवण आरामात झालं असतं.

घाटात त्याने काय विचारलं होतं, ते मात्र विचारू नका. इतक्या दिवसांनी विचारणं बरं दिसत नाही, आणि उत्तर लांबलं तर पुढचा कॉल चुकतो.

डबा अजून माझ्याकडेच आहे. दुसऱ्याच्या घरचा डबा रिकामा परत करू नये म्हणतात, आणि टोब्लेरॉन त्यात मावत नाही. सध्या मी त्यात वेगवेगळ्या देशांच्या चार्जर पिना ठेवतो. झाकण अगदी घट्ट बसतं.