‘आधार टाका, मृत्युपत्र मिळवा’ हा मेसेज चुकीचा का आहे

वडील गेले. त्यांनी मृत्युपत्र केल्याचे घरात सगळ्यांनी ऐकलेले, पण कागद सापडत नाही. अशा घरांत सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचे म्हणणे असे: नोंदवलेली सगळी मृत्युपत्रे आता ऑनलाइन आहेत, मयताचे आधार आणि मृत्यूचा दाखला घेऊन जवळच्या रजिस्टर ऑफिसात गेले की दुसऱ्या राज्यातलेही मृत्युपत्र मिळते, तिथे नसेल तर ते केलेच नव्हते असे समजा, बिननोंदीचे मृत्युपत्र बाद, आणि बारा वर्षांनी कागद नष्ट करतात. यातला एकही मुद्दा टिकत नाही. कोल्हापूरकरांना तो जास्त महागात पडतो, कारण कोगनोळीच्या टोलनाक्यापाशी राज्य बदलते आणि आपली निम्मी सोयरीक पलीकडे असते.

आधी ऑनलाइनचे बघू. महाराष्ट्राच्या नोंदणी विभागाची ई-सर्च सोय आहे, हे खरे. पण तिथे दिसते ती सूची क्रमांक २, म्हणजे खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र असे मिळकतीचे दस्त. हे दस्त पुस्तक क्रमांक १ मध्ये असतात. मृत्युपत्र नोंदले जाते पुस्तक क्रमांक ३ मध्ये, आणि ते पुस्तक लोकांना चाळायला देतच नाहीत. नोंदणी अधिनियम १९०८ चे कलम ५७ स्पष्ट आहे: मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला, तो वारल्यावर अर्ज करील त्या कोणालाही. शोध मात्र नोंदणी अधिकाऱ्यानेच घ्यायचा. तेव्हा ई-सर्चवर काही दिसले नाही, यावरून मृत्युपत्राबद्दल काहीच ठरत नाही. कर्नाटकात ‘कावेरी’ या नोंदणी पोर्टलवरून काढलेल्या ईसीचेही (बोजा प्रमाणपत्राचेही) तेच. ईसीत मिळकतीवरचे व्यवहार आणि बोजे दिसतात, मृत्युपत्र नाही.

‘जवळचे ऑफिस’ हा मुद्दा सर्वात घातक आहे. लोक जमीन जिथे आहे तिथे शोधतात. शेत कागलला, म्हणून कागलचे ऑफिस. जुन्या खरेदीखताला हा नियम बरोबर आहे, मृत्युपत्राला नाही. कलम २९ प्रमाणे मृत्युपत्र जिथे सही केले तिथल्या, किंवा करणाऱ्याच्या मर्जीने त्या राज्यातल्या दुसऱ्या कोणत्याही दुय्यम निबंधकाकडे (रजिस्टर ऑफिसच्या अधिकाऱ्याकडे) नोंदवता येते. त्यामुळे शेत कागलचे, घर शाहूपुरीतले आणि मृत्युपत्र बेळगावला, कारण शेवटची दोन वर्षे वडील लेकीकडे होते, असे सहज घडते. आजारी माणसासाठी अधिकारी घरी येऊनही नोंदणी करतो (कलम ३१), म्हणून पुण्यात उपचार चालू असताना केलेले मृत्युपत्र पुण्यातल्या ऑफिसात असू शकते. महाराष्ट्रातल्या ऑफिसला कर्नाटकातले पुस्तक दिसत नाही आणि तिकडच्यांना इकडचे.

म्हणून आधी कागदावर एक यादी करा: शेवटच्या पंधरा-वीस वर्षांत माणूस कुठे राहिला, कुठे दवाखान्यात होता, कोणत्या वकिलाकडे जायचा. मग त्या प्रत्येक ठिकाणच्या दुय्यम निबंधकाकडे वेगळा अर्ज द्या. करवीरसारख्या तालुक्यात एकाहून जास्त ऑफिसे आहेत, तिथे प्रत्येकात. अर्जात मयताचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, मृत्यूची तारीख, तुमचे नाते, शोध कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत हवा ते, आणि ‘पुस्तक क्रमांक ३ व त्याची सूची’ हे शब्द लिहाच. हे शब्द नसले की खिडकीवर सवयीने सूची २ चा शोध होतो आणि ‘नोंद नाही’ असे उत्तर मिळते. मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडा. उत्तर लेखी मागा, आवक क्रमांक घ्या. निपाणी, चिक्कोडी, बेळगावला अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत द्या.

आधार क्रमांकाने सूची शोधली जात नाही, ती नावावर चालते. इथेच शोध हुकतो. घरी सगळे आप्पासाहेब म्हणायचे, कागदावर बाळगोंडा. इकडे आडनाव पाटील, तिकडे गावाचे नाव. नावाची जितकी रूपे शाळेच्या दाखल्यावर, सातबाऱ्यावर आणि पासबुकावर असतील तितकी अर्जात घाला.

चंदगडकरांनी आणखी एक लक्षात ठेवावे. हा तालुका १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. आजोबांचा कागद त्याआधीचा असेल तर बेळगावलाही चौकशी करा.

‘तिथे नाही म्हणजे केलेच नाही’ हेही खोटे. मृत्युपत्र न नोंदवता सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते (कलम ४२). त्याची नोंद पुस्तक ५ मध्ये होते, आणि ते दुय्यम निबंधकाकडे नसते. जिल्हा निबंधकाकडे वेगळा अर्ज केला आणि मृत्यूची खात्री पटली, की तो अर्जदारासमोर पाकीट फोडतो, खर्च घेऊन पुस्तक ३ मध्ये उतरवून घेतो आणि मूळ कागद परत ठेवून देतो. गोव्यात तर पद्धतच वेगळी: सार्वजनिक मृत्युपत्र विशेष नोटरीच्या पुस्तकातच लिहिले जाते, तेव्हा चौकशी तिथे. एखाद्या जिल्ह्यात आधीच प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला) झाले असेल तर मूळ मृत्युपत्र त्या कोर्टाच्या दप्तरात असते. फेरफारही पाहा. एखाद्या गटावर मृत्युपत्राने नाव चढले असेल, तर गाव नमुना ६ च्या नोंदीत त्याची तारीख, दस्त क्रमांक आणि ऑफिसचे नाव सापडू शकते. आणि कोणी कागद दाबून बसले असेल, तर तो हजर करण्याचा हुकूम जिल्हा न्यायाधीश देऊ शकतात (भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५, कलम २६७).

बिननोंदीचे मृत्युपत्रही बाद नसते. नोंदणी ऐच्छिक आहे, नोंदणी अधिनियमाच्या कलम १८ मध्ये तसे लिहिलेच आहे. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या रीतसर असल्या की साध्या कागदावरचे मृत्युपत्रही चालते. उलट नोंदवलेले असले तरी कोर्टात किमान एक हयात साक्षीदार उभा करावा लागतो, म्हणून नकलेवरच्या साक्षीदारांचे पत्ते लगेच शोधा. नष्ट करण्याबद्दल म्हणाल, तर ऑफिसात दोन वर्षांहून जास्त बेवारस पडलेले दस्त नष्ट करायची मुभा कलम ८५ देते, पण ‘मृत्युपत्रे सोडून’ असे त्यातच म्हटले आहे.

दुसऱ्या राज्यातले मृत्युपत्र इथे आपोआप बाद होत नाही. कोल्हापूरच्या हिंदू माणसाने इथेच केलेल्या, इथल्याच मिळकतीच्या मृत्युपत्राला प्रोबेट कधीच सक्तीचे नव्हते. वाद असेल आणि प्रोबेट घ्यायचेच ठरले, तर जिल्हा न्यायाधीशांचे प्रोबेट राज्यापुरते चालते. राज्याबाहेरची मिळकत दहा हजारांच्या वर असेल, आणि निपाणीतला एक गुंठाही तेवढ्याचा असतोच, तर उच्च न्यायालयाचे घ्यावे, ते देशभर चालते. लंडनच्या किंवा दुसऱ्या राज्याच्या कोर्टात मृत्युपत्र आधीच सिद्ध झाले असेल, तर त्याच्या प्रमाणित प्रतीवर उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २२८ खाली इथे प्रशासनपत्र (मिळकतीचा कारभार पाहण्याचे कोर्टाचे अधिकारपत्र) मागता येते.

एक मृत्युपत्र सापडले म्हणून शोध थांबवू नका. नोंदवलेल्याला बिननोंदीचे नंतरचे मृत्युपत्र रद्द करू शकते. तारखेने शेवटचे असेल ते चालते. बेळगावची नक्कल हातात आल्यावरही बँकेचे लॉकर वारसांसमोर, यादी करून उघडा, आणि जुन्या वकिलाला त्या तारखेनंतर काही केले होते का ते विचारा.