पेट्रोल महागलं म्हणे!

पेट्रोल जरा वाढलं की आमच्या ऑफिसातले एक सद्गृहस्थ दिवसभर डोकं खातात. ‘सामान्य माणसानं जगायचं कसं?’ अहो, धडधाकट फोन टाकून दरवर्षी नवा कोण घेतं? प्रिंटरच्या शाईचा लिटरमागे हिशेब केलाय कधी? पेट्रोल फुकट वाटेल! जमिनीच्या पोटातून उपसून, जहाजानं आणून, शुद्ध करून येतं ते. पण पंपावर भाव मोठ्या आकड्यांत झळकतो ना, म्हणून तेवढाच टोचतो. (कराचा बोजा असतो, मान्य. ज्याचं पोटच गाडीवर चालतं, त्यानं ओरडावंच.) पण हे? टायरमध्ये हवा कमी, इंजिन चालू ठेवून १० मिनिटं फोनवर गप्पा. आणि विषय काय? पेट्रोलचा भाव!