‘आईमुळं पोराचं डोकं फिरलं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘स्किझोफ्रेनिया का होतो? प्रत्येक आईनं वाचावं’ अशा धाटणीचा एक लांबलचक मेसेज सध्या बीड, परभणी, लातूरकडच्या ग्रुपांवर फिरतो आहे. (स्किझोफ्रेनिया म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याचा मानसिक आजार.) त्याचं म्हणणं असं: आईनं माया लावली नाही, गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही, ऊसतोडीला गेली, वर लेकराला लसी टोचून घेतल्या, म्हणून पोरगं बिघडलं. गांजा झाडपाल्याचा, त्याचा दोष नाही. खेड्यात हा आजार पूर्वी नव्हताच. आता उपाय एकच, लग्न लावून द्या.

मेसेज पटतो, कारण त्यात एक गोष्ट खरी आहे. या आजाराची काही मुळं गर्भात आणि बालपणात असतात. पण त्या खऱ्या गोष्टीवरून जे निष्कर्ष काढलेत, ते बहुतेक सगळे चुकीचे आहेत.

‘आईनं माया लावली नाही’

हे खूळ आपल्या गावातलं नाही, अमेरिकेतलं आहे. १९४८ साली फ्रिडा फ्रॉम-राइशमन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी तशी कल्पना मांडली आणि पुढं कित्येक वर्षं तिकडं आयांनाच आरोपी धरलं गेलं. १९६६ मध्ये लिओनार्ड हेस्टन या मानसोपचारतज्ज्ञांनी वेगळी वाट धरली. ज्यांच्या आईला स्किझोफ्रेनिया होता, पण जन्मल्यावर तीन दिवसांच्या आत ज्यांना तिच्यापासून वेगळं केलं गेलं, अशा ४७ जणांचा ते मोठे झाल्यावर त्यांनी माग काढला. पाच जणांना हा आजार झालेला निघाला. निरोगी आईपासून तशाच दुरावलेल्या ५० जणांत एकालाही नाही. म्हणजे ज्या आईनं मूल वाढवलंच नाही, तिच्याकडून धोका आला तो रक्तातून. वागणुकीचा प्रश्नच नव्हता. आणि ४७ पैकी ४२ जणांना काही झालं नाही, हेही लक्षात असू द्या. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांतही एकाला आजार असला तर दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण निम्म्याच्या आतच राहतं.

बालपणीचा छळ मात्र खरंच धोका वाढवतो. २०१२ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा मारहाण, लैंगिक अत्याचार, सोबत्यांकडून होणारा छळ सोसलेल्यांत सायकोसिसचा (भास-भ्रमाच्या आजारांचा, स्किझोफ्रेनिया त्यातलाच) धोका सुमारे पावणेतीन पट दिसला. पण हा छळ आईच करते, हे कुणी ठरवलं? बापाची दारू, नात्यातल्याच कुणाचा हात, वसतिगृहातली दांडगाई यांचं नाव मेसेजमध्ये शोधूनही सापडत नाही.

‘ग्रहण पाळलं नाही, ऊसतोडीला गेली’

ग्रहणाचा आणि या आजाराचा काडीचा संबंध नाही. उलट ग्रहणात गरोदर बाईला तासन् तास उपाशी, पाण्यावाचून बसवणंच वाईट. ऊसतोडीचा मुद्दा मात्र असा झटकून टाकता येत नाही.

१९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या नाकेबंदीमुळं पश्चिम नेदरलँड्समध्ये माणशी रोजचं रेशन १००० कॅलरीच्याही खाली गेलं. त्या उपासमारीच्या ऐन भरात ज्यांचा गर्भ राहिला, त्यांच्यात पुढं स्किझोफ्रेनिया सुमारे दुप्पट आढळला. चीनमध्ये १९५९-६१ च्या दुष्काळात आन्हुई प्रांतातल्या वुहू भागात १९५९ साली जन्मलेल्यांत हा धोका ०.८४ टक्के होता, तो १९६० साली जन्मलेल्यांत २.१५ टक्क्यांवर गेला. डेन्मार्कमधल्या नोंदींत गरोदरपणी रक्तक्षय असलेल्या आयांच्या मुलांत धोका दीडपटीच्या थोडा वर दिसतो. गरोदरपणातला वाढलेला बीपी, बाळंतपणात बाळाला ऑक्सिजन कमी पडणं, फार कमी वजनाचं बाळ, यांचीही नावं अभ्यासांत पुन्हा पुन्हा येतात.

आता दुप्पट म्हणजे किती ते मोजू. हजार माणसांत आयुष्यभरात साधारण सात जणांना हा आजार होतो असं धरा. दुप्पट झाला तर चौदा. उरलेल्या ९८६ जणांच्या आयांनीही तेच हाल काढलेले असतात. म्हणून एका पोराकडं बोट दाखवून ‘तू फडात गेलीस म्हणूनच’ असं सांगणं कुणालाही शक्य नाही, डॉक्टरलाही नाही. हे आकडे हजारांच्या गटाबद्दल बोलतात, एका घराबद्दल नाही. आणि उचल फेडायची असताना कोयता सोडून घरी बसायचं कुणाच्या हातात असतं? मुकादमाला, कारखान्याला हा मेसेज कुणी पाठवलेला दिसत नाही.

करता येण्यासारखं मात्र बरंच आहे, आणि ते बिघडतं फार बारक्या ठिकाणी. गाव सोडताना माता-बाल संरक्षण कार्ड घरीच राहतं. ते कोपीवर (फडाजवळच्या झोपडीवर) सोबत असलं, तर कोल्हापूरकडं किंवा कर्नाटकातही पुढची तपासणी तिथून सुरू होते. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक, १८० दिवस (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड). ती चहासोबत घेतली तर लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको, दोन तासांचं अंतर हवं. शौचाला काळं होतं म्हणून बाया गोळ्या बंद करतात. ते काळं होणं साहजिक आहे, घाबरायचं कारण नाही. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं तर गोळ्यांवर भागत नाही, दवाखानाच गाठावा लागतो.

बीपी मोजतानाही घोळ होतो. चालत आलेल्या बाईचा लगेच, ब्लाउजच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून, हात लोंबता ठेवून बीपी घेतला की आकडा भलताच येतो. पाच मिनिटं बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, दंड उघडा आणि छातीच्या उंचीवर. पाचवा महिना लागल्यावर १४०/९० किंवा जास्त आला तर चार तासांनी परत मोजायचा. १६०/११० आला, किंवा डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय, तर वाट न बघता १०८. मशेरी सुटली तर बाळाचं वजन सुधारतं. हे सासूलाही सांगावं, कारण डबी बहुतेक घरांत दोघींची एकच असते.

‘लसीमुळं होतो’

नेमकं उलटं. गर्भात असताना रुबेलाची (गोवरासारखे पुरळ आणणाऱ्या विषाणूची) लागण झालेल्यांत पुढं हा आजार जास्त दिसला आहे, आणि बालपणी विषाणूमुळं मेंदूला सूज आलेल्यांतही. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास देतात, ती या वाटाच बंद करायला.

‘गांजानं काही होत नाही’

सगळ्या मेसेजमधलं हे सर्वांत घातक वाक्य. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात एकाच वर्षात जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा झाला. पंधराव्या वर्षापर्यंत गांजा सुरू केलेल्यांपैकी सुमारे १० टक्क्यांना सव्विसाव्या वर्षी स्किझोफ्रेनियासारखा आजार होता, न ओढणाऱ्यांत सुमारे ३ टक्क्यांना. त्या गटातली मुलं थोडी होती हे मान्य. पण स्वीडनच्या सैन्यभरतीतल्या हजारो तरुणांच्या अभ्यासातही दिशा तीच निघाली: जितका जास्त गांजा, तितका जास्त धोका. आईच्या पोटातले महिने परत आणता येत नाहीत. चौदा वर्षांच्या पोराच्या हातातली चिलीम आज काढून घेता येते. घरात कुणाला हा आजार असेल तर तिथं यात सूट नाहीच.

‘खेड्यात हा आजार नव्हता’

होता. त्याला भानामती, करणी, बाहेरचं म्हणत. डेन्मार्कमध्ये राजधानीत जन्मलेल्यांत खेड्यांपेक्षा धोका सुमारे २.४ पट दिसला, तोच आकडा उचलून मेसेजवाल्यानं मराठवाड्याला लावला. पण २०१८ साली कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या ४२ देशांतली माहिती तपासली, तेव्हा शहर-खेड्याचा असा फरक आढळला नाही. भारताच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात अशा आजाराच्या दर चारांपैकी तिघांना उपचार मिळत नव्हते. देवऋषी, दर्गा, पुन्हा देवऋषी यात वर्ष-दोन वर्षं जातात, आणि उपचाराविना गेलेला काळ जितका लांबतो तितकं औषधाला यश कमी येतं. घरात साखळीनं बांधून ठेवायला तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी आहे.

‘लग्न लावून द्या’

लग्नानं हा आजार बरा होत नाही. लपवून लावलेल्या लग्नात सगळ्यांत आधी गोळ्या बंद पडतात, कारण त्या सासरी दिसायला नकोत. आणि गोळ्या सुटल्या की आजार उलटतो. दिवस राहिले तरी औषध मनानं तोडायचं नाही. सोडियम व्हॅल्प्रोएट (फिट आणि मानसिक आजारांत देतात ते एक औषध) गर्भाला धोक्याचं आहे, म्हणून ते चालू असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना बदलायला सांगावं. बाकीच्या बऱ्याच औषधांत बाईनं ठणठणीत राहणं बाळासाठीही जास्त फायद्याचं ठरतं. घाटी (छत्रपती संभाजीनगर), अंबाजोगाई, नांदेड, लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत मानसोपचार विभाग आहेत. तिथवर जाणं लगेच जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास लागतो, फुकट, आणि मराठीत बोलता येतं.