डोळ्याचा नकाशा म्हणजे लूट? आत्याला उत्तर

हा मेसेज महिन्याभरात तिसऱ्यांदा आला, या वेळी सख्ख्या आत्याकडून: "चष्मा घालवायच्या लेसरआधी डोळ्याचा नकाशा काढायला लावतात ती लूट आहे. साध्या दिव्यावर डॉक्टरांना सगळं दिसतं. मशीनच्या किरणांनी बुबुळ पातळ होतं. जुना रिपोर्ट असेल तर तोच दाखवा." मी रोज त्याच मशीनपाशी बसून लोकांच्या हनुवट्या टेकवून घेते, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

दिव्यावर सगळं दिसत नाही. फूल, जखम, वडस दिसतं, त्याबद्दल वाद नाही. पण कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, मधोमध असते साधारण ५४० मायक्रॉन. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जेमतेम जास्त. डोळ्याचा नकाशा म्हणजे या काचेच्या जाडीचं आणि उंचसखलपणाचं रंगीत चित्र. केराटोकोनस नावाच्या आजारात ती पातळ होत होत शंकूसारखी पुढे येते, आणि सुरुवातीची खूण बऱ्याचदा काचेच्या मागच्या बाजूला असते. मागे एक कॉलेजचा मुलगा आला होता. वर्षात दोनदा नंबर बदललेला, बोलता बोलताही डोळे चोळत होता. दिव्याखाली कॉर्निया स्वच्छ. नकाशात पुढची बाजूही तशी ठीकच, मागच्या बाजूला मात्र मध्यापासून जरा खाली तांबडा उंचवटा. आधीच कमकुवत काच लेसरने आणखी तासली असती, तर ती फुगतच गेली असती. त्याचं लेसर रद्द झालं. घरचे आधी चिडले, मग आमच्या डॉक्टर सरांनी तो तांबडा डाग दाखवल्यावर गप्प झाले.

किरणांचं म्हणाल तर यात एक्स-रे नाहीच. निळ्या दिव्याची पातळ फट डोळ्यासमोर गोल फिरते, कॅमेरा फोटो काढतो, दोन सेकंदांत काम संपतं. काही टोचत नाही, डोळ्याला स्पर्शही होत नाही. (तिरक्या कॅमेऱ्याची ही युक्ती शाइमफ्लुग नावाच्या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. त्याला हवेतून जमिनीचे फोटो घ्यायचे होते!) काच पातळ होते ती लेसरने. मशीन ती फक्त मोजतं.

लूट? नुसता चष्मा करायचा असेल आणि नंबर स्थिर असेल, तर नकाशा लागत नाही; तिथे कोणी आग्रह धरला तर जरूर विचारा, का म्हणून. लेसरचा हिशोब वेगळा. उणे ६ नंबर घालवायला साधारण ८० मायक्रॉन तासावे लागतात, त्याआधी वर उचलायची काचेची पापुद्र्यासारखी झडप ११० च्या आसपास. ५४० मधून खाली ३५० उरतात. काच मुळात ४८० असेल तर २९०. खाली किमान २५० राहिलेच पाहिजेत, बरेच सर्जन ३०० धरतात. मग हा आकडा न बघता लेसर मारायचं कुणी?

जुना रिपोर्ट टाकून देऊ नका, पण त्यावर भागवूही नका. केराटोकोनस विशीच्या आसपास सरकत, म्हणजे वाढत राहतो, आणि तो सरकला का हे दोन नकाशे शेजारी ठेवल्यावरच कळतं. आणि हो, कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांनी तपासणीआधी त्या काढून ठेवा: मऊ असतील तर आठवडा-दोन आठवडे, कडक असतील तर आणखी जास्त. लेन्सने काचेचा आकार तात्पुरता बदलतो आणि नकाशा भलताच येतो. परवाच एक बाई लेन्स घालूनच आल्या. त्यांना परत पाठवताना मलाच वाईट वाटलं.