टक्के छापले की काम झालं?

बॅटरी गेज चिपचे, म्हणजे बॅटरीत किती टक्के चार्ज उरलाय ते सांगणाऱ्या चिपचे, नमुना कोड लिहिणाऱ्यांचा आता खरंच संताप येतो. आय-टू-सीवरून (चिपशी बोलायच्या दोन तारांवरून) दोन बाइट मागवायचे, जोडायचे, सिरियल मॉनिटरवर टक्के छापायचे आणि मोकळं व्हायचं! अरे, चिपने उत्तर दिलं की नाही हे कोण बघणार? आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर बाइट आलाच नसेल तर तो वाचणारं वायर.रीड हे फंक्शन -१ परत करतं. ते आठ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये कोंबलं की २५५ होतं, असे दोन जोडले की ६५५३५. तार निघालेली असते आणि प्रोग्राम खुशाल व्होल्टेज छापत बसतो. किती बाइट आले ते बाइट मागवणारं रिक्वेस्टफ्रॉम हे फंक्शन आयतं सांगतं. एक इफ लिहायला हात मोडतात का?

बाइटच्या क्रमाचाही तोच आनंद. मॅक्स१७०४३ ही गेज चिप आकड्याचा वरचा बाइट आधी देते, बीक्यू२७४४१ ही दुसरी चिप खालचा. एकीचा कोड दुसरीला चिकटवला की ३८०० मिलिव्होल्टचे ५५३१० होतात. हे निदान डोळ्यांना खटकतं तरी.

खटकत नाही ती क्षमता, आणि खरा घात तिथेच होतो. बीक्यू२७४४१ला सेल किती मिलिअँपिअर-अवरची आहे हे आपण सांगावं लागतं. नाही सांगितलं तर ती १३४० धरून चालते. तुम्ही लावलेली असते ५००ची! टक्के रेंगाळत उतरतात, सगळं झकास वाटतं आणि मग आकडा धाडकन कोसळून उपकरण बंद. शिव्या कोणाला? ते ज्याने बसवलं त्याला.

बरं, सांगितलेली क्षमता राहते रॅममध्ये. सेल काढून परत लावली की गेली. कंट्रोलर मात्र यूएसबीवर चालूच असतो, त्यामुळे सुरुवातीला एकदाच चालणारा सेटअप हा भाग पुन्हा चालत नाही. यासाठीच चिपच्या फ्लॅग्ज या स्थिती सांगणाऱ्या रजिस्टरमध्ये आयटीपीओआर हे बिट दिलंय: ते १ दिसलं की सेटिंग पुन्हा भरा. डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं हो! पण मी पाहिलेल्या एकाही नमुन्यात लूपमध्ये, म्हणजे सतत फिरणाऱ्या भागात, ते कोणी तपासत नाही. सेटअपमध्ये एकदा लिहिलं की हात झटकले. आणि नवशिके तोच कोड जसाच्या तसा उचलतात, कारण समोर तेवढंच ठेवलेलं असतं.

वाचन फसलं तर टक्के छापू नका. सरळ एरर दाखवा. आयटीपीओआर दर वाचनाला तपासा. चार ओळी लागतात, चार! तेवढ्या लिहायच्या नसतील तर तो कोड लोकांपुढे ठेवूच नका.