दाढेचा खड्डा रिकामा नसतो

दाढ काढून घरी परतलेल्या रुग्णांसाठी म्हणून एक संदेश गेले काही महिने पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सतत फिरतो आहे. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या अनेकांनी तो मला मोबाईलवर उघडून दाखवला आहे, आणि अलीकडे एका रुग्णाच्या आईने तर तो वहीच्या कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवून आणला होता. त्यातला मजकूर थोडक्यात असा आहे: घरी येताच दर तासाला मिठाच्या पाण्याने खळखळून चुळा भराव्यात, म्हणजे अशुद्ध रक्त निघून जाते, खड्डा रिकामा ठेवू नये, त्यात हळद, तुरटी किंवा लवंगेच्या तेलाचा बोळा भरावा, पांढरे दिसू लागले तर तो पू समजून कापसाने पुसावा, सूज आली की लगेच गरम शेक द्यावा, ठणका लागल्यास मिश्री लावावी, गोळ्या उष्ण पडतात म्हणून दुखणे थांबताच सोडाव्यात आणि रक्त पातळ करणारी गोळी आठवडाभर बंद ठेवावी, तीन दिवस फक्त पातळ पदार्थ स्ट्रॉने घ्यावेत, वरची दाढ काढली असेल तर डोळ्यांना जपावे, कारण नजर कमी होते. आणि शेवटी, एवढे केले तर डॉक्टरांकडे परत जावे लागत नाही.

संदेश लिहिणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मिठाचे पाणी, शेक, लवंग हे सगळे दातांच्या दुखण्यात कोणत्या ना कोणत्या वेळी उपयोगी पडणारे उपाय आहेत, आणि म्हणूनच हा मजकूर वाचताक्षणी पटतो. मात्र त्यातल्या पहिल्या काही सूचनांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, तो म्हणजे दाढ काढल्यावर मागे राहणारा खड्डा रिकामा आणि घाण असतो, आणि तो धुऊन, पुसून, काहीतरी भरून ठेवावा लागतो.

तो रिकामा नसतो. दाढ निघाल्यावर काही मिनिटांतच त्या जागी रक्त साकळते आणि रक्ताची गुठळी तयार होते. ती गुठळी म्हणजे शरीराने स्वतः लावलेली मलमपट्टी असते, तिच्या आधारानेच नव्या रक्तवाहिन्या आणि नवी पेशीजाले आत शिरतात, साधारण तीन ते चार आठवड्यांत वरून हिरडी मिटते आणि पुढच्या काही महिन्यांत आतले हाड भरून येते. पहिल्या दिवशी ही गुठळी जेलीसारखी मऊ आणि सैल असते. जोरात चूळ भरल्याने, वारंवार थुंकल्याने किंवा स्ट्रॉने ओढून प्यायल्याने ती निसटू शकते, आणि निसटली की हाड उघडे पडते. या अवस्थेला ड्राय सॉकेट म्हणतात, १८९६ साली क्रॉफर्ड यांनी तिचे पहिले वर्णन केले होते. काढल्याच्या दिवशी फारसे न दुखणारी जागा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान अचानक ठणकू लागते, कळ कानापर्यंत जाते, तोंडाला वास येतो आणि नेहमीच्या गोळीने पुरेसा आराम पडत नाही. खालच्या अक्कलदाढेच्या बाबतीत हे अधिक वेळा घडते.

नऱ्ह्याच्या एका वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी चौथ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडण्याआधीच पायरीवर येऊन बसला होता. एक हात कानावर, दुसऱ्या हातात मिठाच्या पाण्याची बाटली. त्याने पहिल्या संध्याकाळपासून गजर लावून दर तासाला चुळा भरल्या होत्या, रात्रीसुद्धा उठून. आरशात पाहिले तर खड्ड्यात गुठळीचा मागमूस नव्हता, तळाशी पांढुरके हाड उघडे दिसत होते, आणि नुसत्या हवेच्या झोताने तो खुर्चीत ताठ झाला. ती जागा सलाइनने हळुवार धुऊन औषधाची पट्टी ठेवली तेव्हा त्याला आराम पडला, पण पुढचे आठ दिवस त्याला पट्टी बदलायला येत राहावे लागले. त्याने काहीही हयगय केली नव्हती, उलट सांगितलेले सगळे अगदी मनापासून केले होते, आणि त्याची मला अजूनही हळहळ वाटते.

तेव्हा पहिले २४ तास चूळ भरू नये, आणि तोंडात आलेली लाळ थुंकण्याऐवजी गिळून टाकावी. दिवसभर लाळ गुलाबीसर दिसणे स्वाभाविक आहे. थेंबभर रक्त बरीच लाळ रंगवते, म्हणून दिसते त्यापेक्षा रक्तस्राव पुष्कळ कमी असतो. त्यात अशुद्ध असे काही नसते, ते अंगात वाहणारेच रक्त असते. डॉक्टरांनी ठेवलेला गॉझचा बोळा तीस ते पंचेचाळीस मिनिटे घट्ट चावून धरावा. नंतर पुन्हा रक्त येऊ लागल्यास नवा ओलसर गॉझ घडी करून नेमका जखमेवर ठेवून अर्धा तास सलग दाबून धरावा, आणि मधेमधे काढून बघू नये, कारण प्रत्येक वेळी बघताना जमू लागलेली गुठळी बोळ्याबरोबर निघून येते. गॉझ नसेल तर चहाची ओली, गार केलेली टी बॅग चालते, तिच्यातील टॅनिन रक्त थांबायला मदत करते. मिठाच्या पाण्याची वेळ दुसऱ्या दिवशी येते: पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, ते तोंडात घेऊन मान एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलती करावी आणि पाणी बेसिनमध्ये आपोआप पडू द्यावे. खाल्ल्यानंतर प्रत्येक वेळी एवढे केले की पुरते. बाकीचे दात मात्र त्याच रात्रीपासून मऊ ब्रशने, जखमेला न लागता, घासावेत.

हळद, तुरटी आणि लवंगेच्या तेलाबद्दल सांगायचे तर, ताज्या जखमेत बाहेरची कोणतीही पूड भरणे म्हणजे गुठळीत कण मिसळणे आहे, आणि ते कण नंतर काढायलाही येत नाहीत. लवंगेतील युजेनॉल आम्ही दंतवैद्य स्वतः वापरतो, ड्राय सॉकेटच्या पट्टीतही वापरतो, पण ठरावीक प्रमाणात. शुद्ध तेल उघड्या हिरडीवर लागले तर हिरडी भाजते. ॲस्पिरिनची गोळी दुखऱ्या जागी दाबून ठेवण्याची जुनी सवय काही घरांत अजून आहे, तिनेही हिरडीला तशीच इजा होते.

पांढऱ्या थराबद्दलची सूचना मला या सगळ्यात सर्वांत घातक वाटते, कारण ती अगदी काळजी घेणाऱ्या माणसालाच फसवते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोबाईलच्या टॉर्चने आरशात पाहिले की खड्ड्यावर पांढरट-पिवळसर साय धरल्यासारखी दिसते. ती साय फायब्रिनची, म्हणजे भरून येणाऱ्या जखमेची असते. तोंडात सतत लाळ असल्याने येथे कातडीवरच्या जखमेसारखी कोरडी तपकिरी खपली धरत नाही, ओली पांढरी धरते, एवढाच फरक आहे. पुवाची लक्षणे वेगळी असतात: दाबल्यावर बाहेर येणारा घट्ट स्राव, घाणेरडी चव, वाढत जाणारी सूज, ताप. कसबा पेठेतल्या एका आजींची नात कानात घालायच्या कापूस-काडीने ही साय रोज सकाळी पुसत होती आणि रोज थोडे रक्त येत होते. पुसणे बंद केले, पुढच्या आठवड्यात जागा मिटायला लागली. दुसरे काहीही करावे लागले नाही.

शेकाच्या बाबतीत संदेशाने उपाय बरोबर सांगितला आहे, पण वेळ चुकवली आहे. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे पहिल्या दिवशी शेक दिल्यास सूज आणि रक्तस्राव दोन्ही वाढतात. त्या दिवशी गालावर बाहेरून, फडक्यात गुंडाळलेला बर्फ वीस मिनिटे ठेवावा, वीस मिनिटे काढावा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि मग उतरू लागते, हे आधीच माहीत असले तर दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात पाहून जीव घाबरा होत नाही. दोन दिवसांनंतर जबडा आखडला असेल तर ओला कोमट शेक जरूर द्यावा. झोपताना डोक्याखाली दोन उशा घ्याव्यात.

मिश्रीबद्दल थोडक्यात आणि स्पष्ट सांगतो. तिने हिरडी काही वेळ बधिर झाल्यासारखी वाटते, म्हणून ठणका बसल्याचा भास होतो, पण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला मिळणारे रक्त कमी होते. मिश्री, तंबाखू, सिगारेट किमान तीन दिवस पूर्ण बंद ठेवावी.

गोळ्यांविषयीची सूचना मात्र थेट जिवाशी खेळणारी आहे. हृदयविकारासाठी किंवा पक्षाघातानंतर सुरू असलेली ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी गोळी स्वतःच्या मनाने बंद केल्यास हृदयाचा झटका येण्याचा धोका असतो, तर ती चालू असताना खड्ड्यातून येणारे जास्तीचे रक्त बहुतेक वेळा दाब देऊन आणि टाके घालून थांबवता येते. म्हणून त्या गोळीचा निर्णय दंतवैद्य आणि हृदयाचे डॉक्टर यांनी मिळून घ्यायचा असतो. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून एखादे इंजेक्शन किंवा आठवड्याची गोळी चालू असेल तर तेही दाढ काढण्याआधीच सांगावे, कारण त्यातील काही औषधांनी जबड्याचे हाड भरून येण्यात अडथळा येतो. अँटिबायोटिक प्रत्येकाला लागत नाही. ज्याला लिहून दिले असेल त्याने ते सांगितले तितके दिवस घ्यावे, आणि ज्याला दिले नसेल त्याने घरातले उरलेले घेऊ नये. दुखण्याची गोळी भूल उतरण्याआधी, काहीतरी खाऊन घेतलेली बरी. येथे एक चूक वारंवार दिसते: दुखण्याच्या अनेक जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असते, त्यावर घरातली तापाची गोळी घेतली की मात्रा दुप्पट होते. प्रौढ माणसाच्या पोटात २४ तासांत ४ ग्रॅमपेक्षा जास्त पॅरासिटामॉल जाता कामा नये. मूत्रपिंडाचा विकार किंवा पोटात व्रण असणाऱ्यांनी आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नये. शिवाय पुण्यात पावसाळ्यात डेंगीचे रुग्ण वाढतात, आणि डेंगीत आयबुप्रोफेन व ॲस्पिरिन रक्तस्रावाचा धोका वाढवतात. त्या दिवसांत दाढ काढल्यावर जोराचा ताप आला तर तो दाढेचाच आहे असे गृहीत धरू नये.

खाण्यापिण्यात उपाशी राहण्याचे किंवा नुसत्या पेजेवर दिवस काढण्याचे कारण नाही, मधुमेहाच्या रुग्णाला तर ते त्रासदायक ठरते. मऊ भात, पातळसर मुगाची खिचडी, दही, केळे, ताक हे सगळे दुसऱ्या बाजूने चावून, गार किंवा कोमट खावे. भूल उतरेपर्यंत गरम चहा घेऊ नये, कारण ओठ भाजला तरी कळत नाही. आइस्क्रीम चालते म्हणून कोणी मस्तानी आणून देते, तीही चालते, मात्र चमच्याने, स्ट्रॉने नाही. चिवडा, भाकरवडी आणि मिसळीवरचे फरसाण जागा मिटेपर्यंत दूर ठेवावे.

वरच्या दाढेचा नजरेशी संबंध नाही. दाताची संवेदना नेणारी नस आणि दृष्टीची नस या दोन वेगळ्या नसा आहेत. वरच्या दाढांच्या मुळांना खेटून असते ती वरच्या जबड्याच्या हाडातील, नाकात उघडणारी सायनसची पोकळी, आणि म्हणून खरी काळजी नाकाची घ्यायची असते. तशी सूचना दिली असेल तर नाक जोरात शिंकरू नये आणि शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्यावी.

राहिले शेवटचे वाक्य, परत जावे लागत नाही हे. अर्धा-अर्धा तास दोनदा दाबूनही रक्त थांबत नसेल, चौथ्या दिवसानंतर सूज उतरण्याऐवजी वाढत असेल, ताप येत असेल, दुसऱ्या दिवशीही ओठ किंवा जीभ बधिर असेल, तर त्याच दिवशी फोन करावा. चिठ्ठीवरचा क्रमांक त्यासाठीच छापलेला असतो, आणि क्षुल्लक कारणासाठी त्रास दिला असे कोणताही दंतवैद्य म्हणणार नाही. गिळता येईनासे झाले, जिभेखालचा भाग कडक सुजून जीभ वर उचलली गेली, आवाज घोगरा झाला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर फोनच्या उत्तराचीही वाट पाहू नये. जंतुसंसर्ग गळ्याकडे उतरत असल्याची ती खूण आहे. १०८ ला रुग्णवाहिका बोलवावी आणि मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत.