‘आमदाराचे पाच कोटी गेले कुठे?’ या मेसेजमधल्या चुका

ठाणे आणि नवी मुंबईतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: आमदाराला वर्षाला ५ कोटी मिळतात, तरी वस्तीतल्या अंगणवाडीला धड खोली नाही, म्हणजे पैसे खाल्ले. मुलाबाळांची कामं नगरसेवकाची असतात, आमदार विधानसभेत नुसती भाषणं करतात आणि सामान्य माणसाचं तिथे काही चालत नाही. यातली चीड रास्त आहे. माहिती मात्र चुकीची आहे, आणि तिच्या आधारे केलेली मागणी भलत्याच टेबलावर जाऊन पडते.

‘५ कोटी आमदाराला मिळतात.’ २०२२ साली स्थानिक विकास निधी वाढून ५ कोटी झाला, हे खरं. पण आमदाराच्या खात्यात त्यातला रुपयाही येत नाही. आमदार काम सुचवतात, अंदाजपत्रक तपासून प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी कार्यालयातून निघते आणि काम महापालिका किंवा सार्वजनिक बांधकाम विभाग करतो. ठाणे-नवी मुंबईतल्या एकेका मतदारसंघात ३ लाखांच्या वर मतदार आहेत. म्हणजे माणशी १७० रुपयेही पडत नाहीत.

खरी अडचण पुढेच आहे. हा निधी बांधकामासारख्या कायमस्वरूपी कामांसाठी असतो. खोलीचं भाडं, सेविकेचं मानधन, मुलांचा आहार यातलं काहीच त्यातून देता येत नाही. वस्तीतली अंगणवाडी भाड्याच्या खोलीत असेल तर भाड्याला सरकारी मर्यादा असते, त्या भाड्यात इकडे खोली मिळणं मुश्कील. मग स्वतःची खोली बांधायची म्हटलं की जागेचा प्रश्न. नवी मुंबईच्या दिघा-रबाळे-तुर्भे पट्ट्यात जमीन कुठे एमआयडीसीची, कुठे सिडकोची, डोंगराच्या बाजूला वन विभागाची. जमीनमालक यंत्रणेचं ना हरकत पत्र नसेल तर आमदारांनी सुचवलेलं काम कागदावरच राहतं. पैसे खाल्ल्याचा संशय असेल तर जिल्हा नियोजन कार्यालयाकडे माहिती अधिकारात चार गोष्टी मागा: सुचवलेल्या कामांची यादी, मान्यतेची तारीख, काम करणारी यंत्रणा, अदा झालेलं बिल. बिल हातात घेऊन जागेवर जा. चोरी असेल तर ती तिथेच सापडते.

‘मुलांचं काम नगरसेवकाचं.’ महापालिकेची बालवाडी, शाळा, उद्यान यांच्यापुरतं बरोबर. अंगणवाडी मात्र राज्याच्या महिला व बालविकास विभागाची; तिचं आयुक्तालय नवी मुंबईतच, बेलापूरच्या रायगड भवनात आहे. ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलाला आहारातून किती उष्मांक आणि प्रथिनं मिळायला हवीत, कुपोषित मुलाला किती जास्त, हे अन्न सुरक्षा कायद्यानं ठरवून दिलेलं आहे. ते पोहोचलं नाही तर मंत्र्यांना सभागृहात उभं करून विचारायचा अधिकार आमदारांचा. शिवाय नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. पुढे कित्येक वर्षं प्रशासकच होते, तेव्हा नगरसेवक होता कुठे?

‘विधानसभेत नुसती भाषणं.’ भाषणापेक्षा तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात उत्तर देतात) आणि लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी) जास्त कामाच्या, कारण विभागाला लेखी उत्तर तयार करावं लागतं. पण प्रश्न ढोबळ असला की वाया जातो. ‘ठाणे जिल्ह्यातील अंगणवाड्यांची दुरवस्था झाली आहे, हे खरे आहे काय?’ असं विचारलं की ‘हे खरे नाही’ असं उत्तर येतं आणि पुढच्या ओळीत ‘प्रश्न उद्भवत नाही’. विषय संपला. त्याऐवजी अंगणवाडी ज्या बालविकास प्रकल्पात येते त्याचं नाव, अंगणवाडी क्रमांक, पटावरची मुलं, कोणत्या महिन्यांत आहार आला नाही आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना दिलेल्या पत्राची तारीख असेल, तर नाही म्हणायला जागा उरत नाही. मंत्र्यांनी ‘कार्यवाही करू’ म्हटलं की ते आश्वासन होतं, आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे.

‘सामान्य माणसाचं काही चालत नाही.’ चालतं, वेळ साधली तर. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात. नागपूरचं हिवाळी अधिवेशन डिसेंबरात धरलं तर कागद ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच आमदारांच्या कार्यालयात हवेत, पोच घेऊन. आमदारांमार्फत विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडेही, म्हणजे नागरिकांचे अर्ज पाहणाऱ्या समितीकडे, जाता येतं. मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं, तर मात्र आमदारांची वाट पाहू नका. तेव्हाच १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि पोलीस ठाणं गाठा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती खबर देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे.